झोळीतली घोडी

जिन्सी नाल्याच्या उतारावर, फुटक्या नळानं ओल्या रस्त्यात
वरात अर्ध्यात असताना चिरोंजी घसरली.
बँड थांबला. नवरदेव उतरला.
कुणीतरी गाडी मागवली, नवरदेव गेला.
घोडी राहिली.

रात्री दीडला रमजानीचा फोन:
"डॉक्टरनीजी, खड़ी नहीं हो रही."

हाड शाबूत होतं, पुठ्ठ्याचे स्नायू फाटलेले.
आडवी राहिली तर फुफ्फुसं भरतील,
म्हणून ट्रकची ताडपत्री, त्यावर पोत्यांची दुहेरी शिवण,
तबेल्याच्या लोखंडी तुळईला दोन कप्प्या.
सहा माणसांनी ओढली तेव्हा
तिचे पाय जमिनीला टेकले, न टेकल्यासारखे.
कपाळावर अजून सोनेरी झालर,
टिकल्यांमधून एक डोळा माझ्याकडे.

महूला शिकत होते तेव्हा फडणीस सर
झोळीच्या तासाला झोळी शिकवतच नसत.
म्हणत, ही युक्ती खलाशांची.
स्पेनच्या गलबतांत, खाली अंधारात, घोडे असेच टांगलेले,
पोटाखाली शिडाचं कापड,
खूर फळीला जेमतेम,
आठवडेच्या आठवडे.
वारा पडला, पिण्याचं पाणी सरत आलं,
की आधी घोडे समुद्रात.
"थोडं अंतर पोहत यायचे मागे," सर म्हणत
आणि फळा पुसायला लागत,
पुसण्यासारखं त्यावर काही नसताना.

वाचले ते वाळूवर उतरले, लटपटत.
त्यांच्या वैरणीतून गवत उतरलं, कुणाला न विचारता.
शेणातून तण. पिंपांमागून उंदीर.
डुकरं उतरली आणि सरळ रानात शिरली.
गहू, गाय, मधमाशी.
ऊस उतरला, आणि त्याच्यामागे तो तोडायला
माणसं, तीही खालच्या अंधारातूनच.
त्यांना झोळ्या नव्हत्या.
आणि कुणाच्या तरी श्वासातून देवी.

रमजानीचे अब्बा खाटेवर जागे आहेत.
त्यांच्या गालांवर तिच्याच खुणा.
"माता आई थी, सन इकसठ में. मैं रह गया,
दो बहनें नहीं रहीं."
दोन बोटं वर करून दाखवतात,
खाली घ्यायला विसरतात.
तिकडे कित्येक गावांत
बोटं वर करायलाही कुणी उरलं नाही.

गंमत म्हणजे (सर गंमतच म्हणत, हसत मात्र नसत)
घोडा मुळात तिकडचाच.
लाखो वर्षं तिथे वाढला, मग तिथून संपला,
हाडं मातीत ठेवून.
दहा हजार वर्षांनी परतला तो
आपल्याच खापरपणज्यांच्या हाडांवर
खूर आपटत, पाठीवर खोगीर घेऊन,
आणि ओळखणारं कुणी नाही.
माळावरच्या लोकांकडे त्याला शब्दच नव्हता.
काहींनी कुत्र्याचा घेतला,
त्यात थोडं देवपण मिसळलं.

आपण तरी काय केलं?
तबेल्यामागे सीताफळाचं झाड आहे, मूळचं तिकडचं.
रमजानी त्याला शरीफा म्हणतो, मी सीतेचं म्हणते,
आणि पिकलं की दोघंही
आपल्याच घरचं असल्यासारखं खातो.

पहाटे चारला धुकं आत आलं.
चिरोंजीनं पहिल्यांदा गव्हाणीत तोंड घातलं.
मक्याची कुट्टी. मकाही तिकडचाच. तिला काय त्याचं.
भिंतीच्या कडेला गाजरगवत, पांढरं फुललेलं.
रमजानीला म्हटलं, हे काढ, तिच्या तोंडात जाईल.
"रोज उखाड़ता हूँ," तो म्हणाला,
"बोता कौन है, पता नहीं."

पाचव्या दिवशी कप्प्या सैल केल्या.
एक खूर उचलला तिनं, ठेवला, पुन्हा उचलला.
रमजानी म्हणाला, शनिवारी एक वरात आहे.
मी नाही म्हटलं. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही.
ताडपत्री झटकली तर घामाचं मीठ उडालं,
बारीक, पांढरं, ओठांवर बसलं.
ग्वाल्हेरला समुद्र नाही.
रमजानीनं तिची घडी घातली
आणि ट्रकवाल्याला परत नेऊन दिली.